एका बेडवरची दोन नावं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. बाबांजवळ नाही, माझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. लिहायला बसते आणि दुसरंच काहीतरी लिहून उठते — कशाचा तरी निषेध, कुणाला तरी जाब. निषेध मला चांगला जमतो. लहानपणापासून तोच करत आलेय.

आधी तेच सांगते. म्हणजे मी किती उंचावरून पडले ते कळेल.

माझे बाबा इचलकरंजीत छापखान्यात कामाला होते. यंत्रमाग कामगारांची पत्रकं तिथे छापली जायची. शाळा सुटली की मी मशीनजवळ बसून त्यांच्या घड्या घालायची. शाई ओली असली तर अक्षरं बोटांवर उलटी उमटायची. मी वाचायला शिकले तेही त्या पत्रकांवरच, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. ‘माझी आई’ या निबंधात मी इतकी उद्गारचिन्हं दिली होती की बाईंनी विचारलं, "आई मोर्चाला निघाली आहे का गं?"

कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहिली. वसतिगृहातल्या पाण्यावर, फीवाढीवर, सफाई कामगारांच्या पगारावर. त्यातली सगळ्यात तिखट पत्रकं असायची ती गप्प बसणाऱ्यांवर. सत्य माहीत असून जे गप्प बसतात ते — अशी माझ्या वाक्यांची सुरुवात व्हायची. पुढे काय काय लिहायची ते आता आठवायला नको वाटतं.

मग दुबईत नोकरी लागली. मित्र म्हणाले, "बघा, पत्रकवाली बाई चालली मॉलच्या देशात!" मीही हसले. एका खाजगी विद्यापीठात डेटाबेस डिझाइनची लॅब घ्यायची, असं काम. राहायला अल कुसैस. खाली कराक चहाची टपरी, आणि संध्याकाळी शारजाच्या दिशेने न हलणारी गाड्यांची रांग.

डेटाबेस म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असायलाच हवं असं नाही. माहितीची मांडणी, एवढंच. कुठली गोष्ट कुठल्या टेबलात ठेवायची, आणि एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी कशी जोडायची. ऐकायला सोपं आहे. पण मुलं इथे अडतात. नियम घडाघडा म्हणून दाखवतात, आणि कोरा कागद समोर ठेवून ‘एका दवाखान्याचं डिझाइन काढा’ म्हटलं की हात थांबतात. कारण नियम पुस्तकात असतात आणि दवाखाना बाहेर असतो. तिथे जाऊन कोण बघणार?

अडलेल्या मुलांसाठी मी शनिवारी लायब्ररीत बसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच. आणि सवयीप्रमाणे एक पत्रक काढलं. इंग्रजीत, एकाच पानाचं. टेबल काढण्याआधी बाहेर जा! डोळ्यांनी बघा! माणसांना विचारा! जे आहे ते मांडा, जे सोयीचं आहे ते नाही! मुलं हसली, पण त्यांनी ते पान वहीत चिकटवलं. रुखसारने तर कव्हरलाच चिकटवलं.

रुखसार. तिचं नाव लिहायला मला एवढे परिच्छेद लागले, बघा.

मूळची दापोलीकडची. जन्म मात्र इथला, शाळाही इथलीच, म्हणून मराठी बोलता बोलता मध्येच इंग्रजीत घसरायची. घर शारजापलीकडे, अजमानला. तिचे अब्बा तिथे मेस चालवायचे — घरच्याच स्वयंपाकघरात डबे करायचे आणि व्हॅनमधून कामगारांच्या खोल्यांवर पोचवायचे. ती या विषयात आधी एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर कॉम्प्युटरची शाखा सोडावी लागली असती, तसा नियमच होता. आणि शाखा सोडली की शिक्षणच सोडायचं, असं घरात ठरलं होतं. अब्बा वाईट नव्हते. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, एकदा बघू, दुसऱ्यांदा बघू, मग मेस आहेच.

वर्षाच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाने एक खरी गोष्ट निवडायची होती. तिने अब्बांची मेस निवडली. पहिल्या शनिवारी तिने एकच प्रचंड टेबल काढून आणलं. गिऱ्हाईक, बिल्डिंग, खोली, बेड, चपात्या, भात, आणि शेवटी डबा एक, डबा दोन, डबा तीन. मी विचारलं, "आणि कुणी चौथा डबा मागितला तर?"

"मिस, I'll add one more column."

"आणि पाचवा?"

"मग अब्बाला सांगेन, या माणसाला खलास कर, फार खातो."

सगळे हसले, ती सगळ्यात जास्त. पण पुढच्या शनिवारी मी तिला रिकाम्या डब्यांची झाकणं आणायला सांगितली. अब्बा झाकणांवर टेप चिकटवून त्यावर मार्करने पत्ता लिहायचे — बिल्डिंग, खोली, बेड, नाव. आम्ही ती झाकणं लायब्ररीच्या टेबलावर एकाखाली एक मांडली. ती बराच वेळ बघत राहिली. आणि मग — शिकवणाऱ्याला जगात फार थोड्या वेळा मिळतो असा तो चेहरा — म्हणाली, "मिस, म्हणजे झाकण म्हणजे ओळ! डबा वाढला की ओळ वाढते. रकाना नाही!"

त्या दिवसापासून ती सुटली. कोऱ्या कागदाला ती घाबरेनाशी झाली. आणि झाकणं मांडता मांडता तिलाच ते दिसलं, मला नाही. एकाच बिल्डिंगचा, एकाच खोलीचा, एकाच बेडचा पत्ता असलेली दोन झाकणं, आणि त्यांवर नावं वेगळी. एक सकाळच्या डब्याचं, एक संध्याकाळच्या. तिला आधी अब्बांची चूक वाटली. तिने विचारलं. अब्बा म्हणाले, चूक नाही गं, एक उठतो, दुसरा झोपतो. दिवसपाळीचा आणि रातपाळीचा. तो बेड कधी थंडच होत नाही.

पुस्तकातल्या डिझाइनमध्ये माणूस आणि बेड एका रेषेने जोडलेले असतात. एक माणूस, एक बेड. रुखसारने ती रेषा खोडली आणि मध्ये एक नवा चौकोन काढला: कोण, कुठल्या बेडवर, किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत. त्या टेबलाला तिने नाव दिलं ‘झोप’.

मला काय झालं असेल, सांगा. छापखान्यात वाढलेली मी! मी म्हटलं, मला बघायचंय. एका शनिवारी संध्याकाळी अब्बांच्या व्हॅनमधून मी त्या दोघांबरोबर गेले. अब्बांनी दार वाजवलं. आत एक जण केस पुसत उभा होता, आणि त्याच्याच बेडच्या कडेला दुसरा बसून बूट काढत होता. उशी एकच होती. बूट काढणाऱ्याने मला बघून खांद्यावर शर्ट ओढला आणि संकोचून विचारलं, "मॅडम, चाय?" मी नको म्हटलं. परतताना व्हॅनमध्ये मी इतकी बोलत होते, इतकी — आणि अब्बा रस्त्यावरची नजर न हलवता नुसते ‘हं’ म्हणत होते.

आता ऐका. इथून पुढचं महत्त्वाचं आहे.

सादरीकरणाच्या आधीच्या आठवड्यात रुखसार माझ्याकडे आली. म्हणाली, "मिस, ती झोप काढून टाकू? अब्बा म्हणतात, कशाला उगाच. असं राहायला परवानगी नसते. Nobody will notice, मिस. एक रेषा मारते, खलास."

कुठल्याही बिल्डिंगचं नाव तिने लिहिलेलं नव्हतं. माणसांची नावं बदललेली होती. ते आम्ही दोघींनी मिळून आधीच केलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी एक सबब शोधणार आहे.

ती घाबरली होती, आणि तिचं घाबरणं शहाणपणाचं होतं. मी तिला शांतपणे सांगू शकले असते की काढ, रेषा मार, पास हो. किंवा म्हणू शकले असते, तुझं तू ठरव. मी काय केलं? मी भाषण दिलं. उभं राहून! म्हटलं, रुखसार, जे आहे ते लपवणारं डिझाइन सुंदर असलं तरी खोटं असतं. म्हटलं, ती माणसं जगात आहेत तर ती टेबलातही असली पाहिजेत. म्हटलं, आपण गप्प बसायचं का? ‘आपण’ म्हणाले मी.

तिने विचारलं, "तुम्ही असाल ना तिथे?"

"मी असेन," मी म्हटलं. "आणि हे मी स्वतः पाहिलंय असं सांगेन."

सादरीकरणाला मी होते आणि आमचे विभागप्रमुख होते. त्यांना सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणायचे. कडक माणूस, पण अन्यायी नाही. त्यांची एकच अट असायची की माहिती खरी हवी. घरात बसून रचलेली माहिती सापडली की ते शून्य देत आणि वर शेरा मारत. पडताळणी करायची जबाबदारी मार्गदर्शकाची. म्हणजे माझी.

रुखसार छान बोलली. झाकणांचं सांगितलं तेव्हा डॉक्टर हसलेसुद्धा. मग त्यांचं बोट त्या मधल्या चौकोनावर येऊन थांबलं.

"ही झोप काय आहे? एका बेडवर दोन माणसं? हे या देशात चालत नाही. हे तू पाहिलंस की मनाने लिहिलंस?"

तिने सांगितलं, पाहिलंय. डॉक्टरांनी मान माझ्याकडे वळवली. आवाज चढलेला नव्हता, धमकी नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मिस, हे तुम्ही पडताळून पाहिलंत का?"

एकच शब्द हवा होता. हो. त्या खोलीतल्या माणसाने मला चहा विचारला होता. मी त्याची उशी पाहिली होती. किती सोपा शब्द आहे — हो! लहान मूल आधी तोच शिकतं.

मी म्हणाले, "नाही, डॉक्टर. मी तिला ते काढून टाकायला सांगितलं होतं."

नुसतं गप्प बसले असते तर मी भित्री ठरले असते. पण मी गप्प बसले नाही. मी ते तिच्यावर ढकललं. आमच्यातलं बोलणं उलटं करून, तिचे शब्द माझ्या तोंडी आणि माझे तिच्या तोंडी घालून, नीट, स्वच्छ इंग्रजीत.

रुखसारने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलायला हवं होतं तिने! माझं पत्रक तिच्या वहीच्या कव्हरवर होतं, ती वही तिच्या हातात होती. ती डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "Yes, Doctor. Miss told me. I didn't listen."

मला आजही कळत नाही की तिने तसं का केलं. माझी नोकरी जाईल असं वाटलं असेल? की शिक्षकाला खोटं पाडायचं नाही असं घरचं वळण? की त्या एका क्षणात तिने मला ओळखलं आणि माझ्याशी वाद घालणं तिला फुकटचं वाटलं? तिसरं कारण असेल तर ते मला सगळ्यात जास्त लागतं, म्हणून बहुतेक तेच खरं असावं.

ती बाहेर गेल्यावर डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "वाईट वाटतं. हे खरं असतं, तर या वर्षातलं सगळ्यात चांगलं डिझाइन हेच होतं."

माझ्याकडे पुन्हा एक संधी आली होती. दार अजून पुरतं लागलेलंही नव्हतं. मी म्हणाले, "हो ना."

ती नापास झाली. शेऱ्यात ‘रचलेली माहिती’ असं लिहिलं गेलं आणि त्याखाली माझीही सही आहे.

त्यानंतर काही दिवस मी एक सबब घेऊन फिरत होते. म्हणजे अशी की मी खरं सांगितलं असतं तर त्या खोलीतली माणसं अडचणीत आली असती, मी तर त्यांना वाचवलं. किती उदात्त! पण पत्ते आम्ही आधीच पुसले होते. त्यांच्यापर्यंत कुणी पोचूच शकलं नसतं. मग मी व्हिसाची सबब घेतली. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की इचलकरंजी. इथे राहणाऱ्या कुणालाही ही भीती सांगितली की तो लगेच मान डोलावतो. पण खरं सांगू? त्या क्षणी मला व्हिसा आठवलाही नव्हता. आठवलं ते एवढंच की डॉक्टर माझ्याकडे बघतायत, आणि मी त्यांना विद्यार्थिनीच्या बापाच्या व्हॅनमधून कामगारांच्या खोल्यांत हिंडणारी, जरा वेडसर, जरा गावठी बाई वाटेन. एवढंच. मला डॉक्टरांसमोर शहाणं दिसायचं होतं. एवढ्यासाठी मी ते केलं.

मी अजून तिथेच शिकवते. शनिवारी अजून बसते. आणि मुलं माणूस-आणि-बेडच्या रेषेशी अडली की मी फळ्यावर मध्ये एक चौकोन काढते. ‘बघा, इथे असं करता येतं,’ म्हणते. मुलांचे डोळे चमकतात. परवा एकाने विचारलं, "मिस, हे तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हणाले, बाहेर जाऊन बघायचं असतं. चौकोनाला मी दुसरं नाव देते. झोप लिहीत नाही.

अजून एक राहिलंय. मला वाटतं, हे सगळं मी त्यासाठीच लिहिलं, आणि इतका वेळ त्याच्याच भोवती फिरत होते.

निकालानंतर काही महिन्यांनी मी अल कुसैसला आमच्या बिल्डिंगखाली उभी होते. ती व्हॅन येऊन थांबली आणि अब्बा उतरले. मला पळायचं होतं, पण त्यांनी पाहिलं होतं.

"मॅडम, सलाम. ओळखलंत ना? रुखसारचा अब्बा."

मी कसंबसं विचारलं, रुखसार कशी आहे. मेसमध्ये असते, म्हणाले. गिऱ्हाइकांची सगळी व्यवस्था तीच बघते, मोबाइलवर काय काय करून ठेवलंय, आता डबे चुकत नाहीत. मग त्यांनी हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात केली.

"मॅडम, तुमची माफी मागायची राहिली होती. पोरीने सांगितलं मला. तुम्ही तिला आधीच बोलला होतात, हे काढून टाक म्हणून. मी पण बोललो होतो. पण हट्टी आहे, तिच्या आईवर गेलीय. तुम्ही शनिवारचे शनिवार तिच्यासाठी बसलात, आणि हिने तुम्हाला सायबासमोर खाली बघायला लावलं. मनात काही ठेवू नका."

म्हणजे तिने घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बापालासुद्धा नाही — आणि तो त्या दिवशी व्हॅन चालवत होता, मी ती खोली पाहिली होती हे त्याला ठाऊक होतं.

आणि मी? तिथे डॉक्टर नव्हते. नोकरी नव्हती, व्हिसा नव्हता, कुणासमोर शहाणं दिसायचं नव्हतं. फक्त एक माणूस होता, आणि तो माझी माफी मागत होता.

मी म्हणाले, "असू दे हो, काका. लहान आहे. होतं असं."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी व्हॅनमधून एक डबा काढून माझ्या हातात दिला. आज कोळंबी आहे, म्हणाले, नाही म्हणायचं नाही.

मी नाही म्हटलं नाही. वर आले आणि जेवले. झाकणावर टेप होती, आणि तिच्यावरचं अक्षर रुखसारचं होतं. संध्याकाळी मी डबा घासला, झाकण लावलं आणि खाली वॉचमनकडे ठेवून आले, म्हणजे अब्बा परत घ्यायला येतील तेव्हा मला भेटावं लागणार नाही.